मऊ वाळूत गाडी न्यायची आहे, खर्च मात्र बेतानं: टायरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी जवळ आली की छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, लातूरकडून एकच विचारणा सुरू होते: कोकणात चाललोय, टायर बदलू का? उन्हाळ्यात विचारणारे वेगळे असतात. त्यांचं शेत किंवा सोयरीक गोदावरीपल्याड असते आणि आटलेल्या पात्रातून गाडी काढायची असते. वाळू दोन ठिकाणची, प्रश्न जवळपास सारखेच. म्हणून एकदाच नीट उत्तरं लिहून ठेवतोय. समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालायचा बेत असेल तर आधी प्रश्न १४ वाचा, मग बाकीचं.

१. बजेट कमी आहे. मऊ वाळूसाठी कोणता टायर घेऊ?

आत्ताचे टायर कंपनीच्या साइजचे आहेत, पाच वर्षांपेक्षा जुने नाहीत आणि नक्षी शिल्लक आहे, तर कोणताही घेऊ नका. वाळूवर गाडी तरते ती टायरमधली हवा कमी केल्यामुळे. नवाकोरा महागडा टायर ३५ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) रुततो आणि साधा कंपनीचा टायर १८ पीएसआयवर निघून जातो, हे मी एकाच दिवशी, एकाच वाटेवर पाहिलं आहे.

पैसे खर्च करायचेच असतील तर एक चांगलं प्रेशर गेज आणि बारा व्होल्टचा कंप्रेसर घ्या. दोन्ही मिळून एका नव्या एसयूव्ही टायरपेक्षा स्वस्त पडतात. टायर तसेही बदलायला आले असतील तर प्रश्न ४ आणि ५ पाहा.

२. हवा कमी केल्यानं नेमकं काय होतं? टायर फक्त रुंद होतो ना?

रुंद थोडासाच होतो, लांब जास्त होतो. जमिनीला टेकणारा पट्टा पुढे-मागे वाढतो आणि चाक रणगाड्याच्या साखळीसारखं वाळूवर पसरतं.

ढोबळ हिशेब असा. माणसं-सामानासह गाडीचं वजन १,८०० किलो धरा, म्हणजे एका चाकावर ४५० किलो. ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो. तेवढ्या हवेवर एक चाक साधारण २०० चौरस सेंटिमीटरवर उभं असतं. हवा १६ पीएसआय केली की तेच ओझं ४०० चौरस सेंटिमीटरवर वाटलं जातं. टायरच्या भिंतीचा, म्हणजे बाजूच्या रबराचा, ताठपणा यात धरलेला नाही, त्यामुळे खरे आकडे थोडे इकडेतिकडे होतील.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे गणित मांडून दाखवायची गरज पडत नाही. लोखंडी धावेचं लाकडी चाक गंगेच्या वाळूत (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) खोल जायचं, बैल गुडघे टेकायचे. रबरी टायरची गाडी आली आणि त्याच बैलांनी तेवढंच ओझं वरच्यावर ओढून नेलं.

३. किती हवा ठेवू? नेमके आकडे सांगा.

रस्त्यावर कंपनीचा आकडा, बहुतेक गाड्यांना ३० ते ३५. तो ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. वाळूत शिरण्याआधी २० वर आणा. गाडी जड वाटली, इंजिन ओढतंय पण वेग येत नाही असं झालं, तर १६ ते १८. हे आकडे ट्यूबलेस टायरचे, ट्यूबवाल्यासाठी प्रश्न १७ पाहा. जिम्नीसारख्या हलक्या गाडीला १५-१६ पुरतात, सात माणसं बसलेल्या इनोव्हाला २० च्या खाली जायची घाई नको. १२ ते १४ हा आकडा रुतल्यावर बाहेर पडण्यापुरता. त्यावर मुंगीच्या पावलानं चालवायचं आणि स्टिअरिंग झटक्यात वळवायचं नाही, नाहीतर टायर रिममधून सुटतो (प्रश्न १७).

कमी हवेवर वेग ३० ते ४०च्या आत ठेवा. मागे सामान भरलं असेल तर मागच्या टायरमध्ये दोन पीएसआय जास्त राहू द्या.

४. एच/टी, ए/टी, एम/टी यातला फरक काय? वाळूला कुठला?

एच/टी हा डांबरी रस्त्याचा टायर. नक्षी बारीक, आवाज कमी, किंमतही बहुतेक वेळा कमी. ए/टी मिश्र वापराचा, त्याचे गुटके (नक्षीचे उंच ठोकळे) जरा मोठे आणि मधल्या चरी रुंद. एम/टी चिखलाचा, मोठमोठे सुटे गुटके.

एम/टी दिसायला दणकट, म्हणून वाळूतही तोच चालेल असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं होतं. चिखलात गुटक्यांनी खाली खणून टणक थर पकडायचा असतो. मऊ वाळूत खाली तसा थर हाताशी नसतो, त्यामुळे तेच गुटके फावड्यासारखे खणत जातात आणि गाडी स्वतःच खड्डा करून त्यात बसते. वर एम/टी महाग, जड, डांबरावर गुणगुणणारा आणि डिझेल खाणारा. वाळूसाठी म्हणून तो घेऊ नका.

एच/टी वाळूत छान चालतो. ए/टीही चालतो, त्याचा जास्तीचा फायदा खडी, मुरूम आणि चिखलात. आपल्या बाजारात मिळणारी नावं: अपोलो अप्टेरा (एच/टी आणि ए/टी दोन्ही), एमआरएफ वाँडरर, सिएट क्रॉसड्राइव्ह, जेके रेंजर, योकोहामा जिओलँडर. तुमच्या साइजमध्ये यातलं जे ताज्या तारखेचं आणि आटोक्यातल्या भावात मिळेल ते घ्या. वाळूत यांच्यातला फरक तीन-चार पीएसआय हवेच्या फरकापुढे फिका पडतो.

५. पावसाळ्यात शेताची वाट काळ्या मातीची, डिसेंबरात कोकण. एकाच टायरवर दोन्ही भागेल?

मराठवाड्यातल्या माणसानं विचारावा तो खरा प्रश्न हाच. काळी माती ओली झाली की टायरच्या चरी लिंपून टाकते. दहा फुटांत टायर गोटा होतो आणि मग नक्षी कोणती होती याला अर्थ उरत नाही. तिथे रुंद चरींचा टायर उपयोगी, कारण चाक फिरताना माती झडते. वाळूला अशा चरींची गरजच नसते. म्हणजे दोन जमिनी टायरकडून दोन वेगळ्या गोष्टी मागतात.

मग आपण वर्षभर चालतो कुठे ते मोजा. पावसाळ्यात आठवड्याला एकदोनदा शेतात जाणं असेल तर सौम्य नक्षीचा ए/टी घ्या. चिखलात तो बऱ्यापैकी झडतो आणि वाळूत हवा कमी केली की पुरेसा तरंगतो. शेताची वाट आता सिमेंटची झाली असेल किंवा पावसात तुम्ही ट्रॅक्टर नाहीतर मोटरसायकल वापरत असाल, तर एच/टीच घ्या. दोन दिवसांच्या किनाऱ्यासाठी ३६३ दिवस जड टायर ओढायचा नाही.

एक सावधगिरी. काळ्या चिखलात हवा थोडी कमी केल्यानं मदत होते, पण वाळूइतकी नाही. वाळूतला अनुभव घेऊन भर पावसात रानात उतरू नका.

६. टायरवर २१५/७५ आर १५ असं असतं. त्यावरून वाळूचं काय कळतं?

२१५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के. १५ हा रिमचा व्यास इंचांत. ही बोलेरोची साइज, तिची भिंत १६१ मिलिमीटर भरते.

वाळूसाठी बघायची ती ही भिंत. ती उंच असेल तर हवा कमी केल्यावर टायरला पसरायला जागा मिळते. थार दोन साइजमध्ये आली: २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८. पहिल्याची भिंत १८४ मिलिमीटर, दुसऱ्याची १६६. शोरूममध्ये १८ इंची अलॉय उठून दिसतो, पण वाळूत १६ वालीच सरस. टायर घेताना दोन पर्याय असतील तर लहान रिम आणि उंच भिंत निवडा. तो टायर बहुतेकदा स्वस्तही पडतो.

७. मग एक साइज मोठा टायर टाकू का? दुकानदार म्हणतो बसतो.

बसतो आणि चालतो यात अंतर आहे. बोलेरोला २१५/७५ च्या जागी २३५/७५ आर १५ टाकला तर व्यास ७०३ वरून ७३३ मिलिमीटरवर जातो, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ वर असेल. टायर जड, म्हणून पिकअप कमी, ब्रेकवर ताण जास्त, पूर्ण स्टिअरिंग कापल्यावर आत घासण्याची शक्यता. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात यावर बोट ठेवलं जाऊ शकतं. व्यासातला बदल तीन टक्क्यांच्या आत ठेवावा हा जुना नियम बरा. त्याहून बरं म्हणजे तुमच्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटला कंपनीनं दिलेली साइज.

८. सेकंडहँड किंवा रिमोल्ड टायर घेऊन भागवलं तर?

रिमोल्ड नको. कमी हवेवर टायरची भिंत सतत वाकते, आतून तापते आणि वरून चिकटवलेला थर त्या उष्णतेत सुटू शकतो.

सेकंडहँड तारीख बघूनच. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो आणि उन्हात उभ्या गाडीचं रबर लवकर कडक होतं. पाच वर्षांवरचा टायर नक्षी भरलेली असली तरी सोडा. भिंत अंगठ्यानं दाबून बारीक भेगा दिसतात का ते पाहा. रस्त्यावरच्या हवेत न दिसणारी भेग वाळूतल्या कमी हवेत उघडते.

९. गुळगुळीत टायर वाळूत उलट चांगला चालतो म्हणतात. खरं आहे?

वाळूपुरतं खरं आहे. पण संभाजीनगरहून दिवेआगरला जायचं तर चारशे किलोमीटरच्या आसपास रस्ता आणि मध्ये ताम्हिणी घाट. तिथे पाऊस किंवा दव असलं तर गुळगुळीत टायर जीव घेतो. चरींत मध्ये उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटरच उरली, टायर संपला. बदलूनच निघा.

१०. हवा सोडायला आणि भरायला काय लागतं? पंक्चरवाला तिथे मिळेलच की.

पुळणीच्या (किनाऱ्यालगतच्या वाळूच्या) तोंडाशी पंक्चरवाला नसतो, आणि कमी हवेवर त्याला शोधत डांबरी रस्त्यानं फिरणं म्हणजे टायर संपवणं (प्रश्न १६). कंप्रेसर सोबत हवाच. बॅटरीला थेट चिमटे लावायचा प्रकार घ्या, लायटरच्या सॉकेटवरचे छोटे लवकर तापतात. एका टायरला पाच ते दहा मिनिटं धरा, दोन टायरनंतर मशीन थंड होऊ द्या, इंजिन चालू ठेवा. गेज वेगळं घ्या, कंप्रेसरवरच्या काट्यावर विसंबू नका.

हवा सोडायला खिळा किंवा काडी पुरते. दर पंधरा-वीस सेकंदांनी मोजत जा.

घरी भरलेली हवा तिथे तीच दिसणार नाही. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच आहे. खाली किनाऱ्यावर उतरलं की तेवढ्यानंच गेज सुमारे १ पीएसआय कमी दाखवतं. उलट पहाटेच्या थंडीत मोजलेला टायर दुपारी १० अंश जास्त तापमानात दीड-दोन पीएसआय वर जातो. म्हणून वाळूच्या तोंडाशी पुन्हा मोजा. नायट्रोजन भरलेला असला तरी बिनधास्त सोडा आणि परत साधी हवा भरा. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

११. फोर बाय फोर नाही. साधी गाडी वाळूत नेऊ का?

बोलेरोसारखी मागच्या चाकांवर चालणारी गाडी उंच असते, हवा कमी करून थोड्या मऊ पट्ट्यातून निघते. स्विफ्टसारखी पुढच्या चाकांची बुटकी गाडी नेऊ नका. तिचं पोट वाळूवर टेकलं की चाकं मोकळीच फिरतात, मग टायर कोणताही असो. होमस्टेच्या दारापर्यंतची पन्नास फूट पुळण असेल तर आधी पायी चालून बघा. पाय घोट्यापर्यंत रुतला तर गाडी अलीकडेच लावा.

१२. रुतलीच तर पहिलं काय करू?

ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. बाकी सगळं त्यानंतर.

गंगाखेडच्या अलीकडे पात्र ओलांडताना मी नेमकी हीच चूक केली. मागचं चाक फिरायला लागलं तसा मी पाय दाबत गेलो आणि दोन मिनिटांत एक्सल वाळूला टेकला. शेजारच्या रानातून ट्रॅक्टरवाले काका आले. मी दोर शोधत होतो, ते मात्र गाडीशी बसले आणि काडीनं चारही टायरची हवा सोडायला लागले. मग चाकांपुढची वाळू हातानं ओढली, माझ्या बायकोला आणि पोरांना खाली उतरवलं आणि म्हणाले, आता मागं घ्या, आलात त्याच चाकोरीनं. गाडी टोचन न करता निघाली. तोवर मी वाळूसाठी कुठले टायर घ्यावेत हेच शोधत होतो.

तेव्हापासूनचा क्रम: माणसं उतरवा, हवा १४ पर्यंत आणा, चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू फावड्यानं काढा, चाकाखाली गाडीतले पायपुसणे किंवा रिकामी पोती घाला आणि उलट्या गिअरमध्ये हळू निघा. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण असेल तर बंद करा. टोचन करावंच लागलं तर दोर गाडीच्या हुकालाच बांधा आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका.

निघाल्यावर मऊ भागात ब्रेक मारायचा नाही. ब्रेकनं चाकापुढे वाळूचा बांध तयार होतो. गाडी आपोआप थांबू द्या, शक्यतो उताराकडे तोंड करून.

१३. पाण्याजवळची ओली वाळू टणक असते. तिथे हवा कमी न करता लावली तर काय बिघडतं?

आपल्याकडच्या माणसाचा घात इथेच होतो, कारण आपल्या नद्यांना भरती नसते. समुद्राला साधारण १२ तास २५ मिनिटांनी भरती येते आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती ५० मिनिटं उशिरा. सकाळी दहाला जिथे टणक मैदान होतं तिथे दुपारी कमरेएवढं पाणी असू शकतं. त्याआधीच चाकांभोवतीची वाळू पाण्यानं सैल होते आणि उभी गाडी आपोआप खाली बसते. अशा वेळी उत्तम टायरही कामाचा नाही.

अंदाजासाठी कोकणातले मच्छीमार तिथीचा हिशेब धरतात: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास आणि सगळ्यात मोठी, अष्टमीच्या सुमारास लहान. कालनिर्णय आपल्या भिंतीवर असतंच. हा अंदाज झाला, नेमकी वेळ गावातल्या माणसाला विचारा.

१४. किनाऱ्यावर गाडी चालवायला परवानगी असते का?

कोकणातल्या अनेक किनाऱ्यांवर मनाई आहे, फलक असतात आणि पोलीस गुन्हे दाखल करतात. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदी आहे. पाण्यात गाडी घालून व्हिडिओ काढणाऱ्यांमुळे गावकरी आता एमएच २० किंवा एमएच २६ ची (संभाजीनगर-नांदेडची) पाटी दिसली तरी सावध होतात, हे मला मनापासून लागतं.

दुसरं कारण कायद्याहून मोठं आहे. वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वर या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासविणी हिवाळ्यात येऊन वाळूत अंडी घालतात आणि पिल्लं साधारण मेपर्यंत बाहेर पडत राहतात. घरटं वरून दिसत नाही. गाडीच्या चाकोरीत पडलेलं पिल्लू पाण्यापर्यंत पोचत नाही.

म्हणून इथली माहिती होमस्टेची वाट, पुळणीतला वाहनतळ, नदीपात्रातली वहिवाट आणि परवानगी असलेल्या जागांसाठी आहे. खुद्द किनाऱ्यावरच चालवायची हौस असेल तर केरळात कण्णूरजवळ मुझप्पिलंगाड हा गाड्यांसाठीचा सुमारे चार किलोमीटरचा किनारा आहे. तिथली वाळू इतकी घट्ट आहे की ओहोटीला साध्या गाड्या फिरतात.

१५. जायकवाडीच्या काठावर पाणी मागे सरलंय. तिथेही हेच आकडे?

नाही. नाथसागराच्या काठावर वाळू नसून गाळ असतो. वरून वाळलेली पापडी, खाली लोणी. कमी हवेनं थोडं अंतर जास्त जाल आणि जास्त आत अडकाल. शिवाय ते पक्षी अभयारण्य आहे. गाडी रस्त्यावर ठेवा.

१६. हॉटेल चारच किलोमीटरवर आहे. कमी हवेवर डांबरी रस्त्यानं गेलो तर?

जाऊ नका. वाळू मऊ असते, तिथे टायर हळू फिरतो. डांबरावर तोच टायर १६ पीएसआयवर प्रत्येक फेऱ्याला वाकून तापतो आणि आतले धागे तुटतात. त्या दिवशी काही दिसत नाही. परतीच्या वाटेवर महामार्गावर टायर फुटतो आणि दोष कंपनीला जातो. अगदी नाइलाज असेल तर आधी निदान २५ पर्यंत भरा आणि ३० च्या वेगानं जा.

१७. वळताना टायर रिममधून सुटला. आता?

ट्यूबलेस असेल तर बहुतेक वेळा स्टेपनी लावणं हाच शहाणपणा. जॅक वाळूत बुडतो, म्हणून त्याखाली दीड फुटाची फळी ठेवा. ती घरूनच न्या, तिथे मिळत नाही. स्टेपनीतली हवा निघण्याआधी तपासलेली असू द्या. सुटलेला टायर जागेवरच बसवायचा असेल तर रिमची कड पाण्यानं धुऊन वाळूचा कणही ठेवू नका, साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्हची पिन काढून कंप्रेसर जोडा म्हणजे हवा जोरात जाते. टायरच्या घेराला मधोमध पट्टा आवळला की कडा रिमकडे सरकतात. छोट्या कंप्रेसरला हे दर वेळी जमत नाही.

ट्यूबवाला टायर असेल तर २० च्या खाली जाऊच नका. कमी हवेवर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. जुन्या बुलेटवाल्यांनाही हेच लागू.

१८. परत आल्यावर टायरचं काही करायचं असतं का?

वाळू सोडतानाच पूर्ण हवा भरा. मग पहिल्या गावात चाकं, रिमची आतली बाजू आणि गाडीचं पोट गोड्या पाण्यानं धुऊन घ्या. ब्रेकच्या भागात मीठ राहिलं तर गंज लवकर चढतो. घरी पोचल्यावर व्हॉल्व्हवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहा. वाळूचा एखादा कण पिनेत अडकला असेल तर हवा आठवडाभर हळूहळू जात राहते. पिन दहा-वीस रुपयांत बदलून मिळते.